वीस वर्षं वाजेल असं टर्नटेबल निवडताना

रेकॉर्ड वाजवायला चार-पाच लाखांचं टर्नटेबल घ्यायचं ठरलं की चर्चा लगेच कंपन्यांच्या नावांवर जाते. त्याआधी घरातल्या तबकड्या काढून त्यांचे तीन ढीग करा: मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या एलपी, ४५ च्या सात इंची ईपी आणि ७८ च्या लाखेच्या तबकड्या. जुन्या मराठी संग्रहांत बरेचदा हे तिन्ही सापडतात. ख्याल एलपीवर, भावगीतं आणि चित्रपटगीतं ईपीवर, जुनी नाट्यपदं ७८ वर. ढीग समोर आले की यादीतली बरीच नावं आपोआप गळतात. स्कॉटलंडच्या लिन कंपनीचं एलपी१२ हे १९७३ पासून आजतागायत बनणारं नावाजलेलं यंत्र. पण ते मूळचं ३३⅓ साठी बांधलेलं. ४५ साठी अडॉप्टर किंवा वेगळा वीजपुरवठा घ्यावा लागतो आणि ७८ चा तर प्रश्नच येत नाही. रेगाच्या प्लेनार ३ वर ४५ लावायची तर प्लॅटर (तबकडी जिच्यावर फिरते ती थाळी) उचलून बेल्ट मोटरच्या पुलीच्या दुसऱ्या खाचेत सरकवावा लागतो. प्लेनार ६ पासून पुढे हेच काम बटणावर होतं. टेक्निक्सच्या एसएल-१२००जी आणि जीआर या मॉडेलांत तिन्ही गती बटणावर आहेत.

ज्याच्याकडे नुसत्या एलपी आहेत त्याने या फरकाकडे खुशाल दुर्लक्ष करावं. एलपी आणि ईपी आलटून पालटून ऐकणाऱ्याला मात्र दर वेळी प्लॅटर उचलावा लागला, तर दोन महिन्यांत ईपी कपाटात जातात आणि तिथेच राहतात.

गती: तानपुरा लावून बघा

टर्नटेबलने तबकडी ठरल्या गतीने फिरवायची आणि फिरवताना स्वतः आवाज करायचा नाही, एवढंच त्याचं मुख्य काम. गतीतली चूक दोन प्रकारची असते. एक कायमची: यंत्र सतत ०.३ टक्के जलद फिरलं तर सगळं गाणं अर्धस्वराच्या विसाव्या हिश्शाने चढतं. नुसतं ऐकणाऱ्याला हे कळतही नाही. रेकॉर्डसोबत तबला किंवा पेटी लावून रियाज करणाऱ्याला कळतं. दुसरी चूक डोलण्याची, म्हणजे गती क्षणाक्षणाला किंचित कमीजास्त होण्याची. ही मात्र कानाला फार लवकर बोचते, कारण सूर थरथरतो.

दुकानात ऐकवायला बहुधा ड्रम आणि बास भरलेली रेकॉर्ड लावतात. त्यात हा डोल लपून जातो. आपली स्वतःची एलपी घेऊन जावी, विलंबित ख्यालाची, सुरुवातीला तानपुरा मोकळा ऐकू येणारी. तानपुऱ्याचा सूर भिंतीसारखा सरळ उभा राहतो की पाण्यातल्या सावलीसारखा हलतो, हे दोन मिनिटांत समजतं. पियानोचे लांबवलेले स्वरही चालतात. संतूर किंवा सतारीची जलद वादनं या कामाला निरुपयोगी, कारण तिथे कोणताच स्वर पुरेसा वेळ थांबत नाही.

डोल ऐकू आला तर लगेच यंत्राला दोष देऊ नये. घड्याळ लावून बघा. तो दर १.८ सेकंदांनी येत असेल तर तो एका फेरीचा काळ आहे, आणि दोष बहुतेक वेळा तबकडीचा असतो: तिचं मधलं भोक केंद्रावर नसतं. भोक फक्त ०.२ मिलिमीटर सरकलेलं असेल, तरी आतल्या खोबणीत, केंद्रापासून ६० मिलिमीटरवर, गती ०.३३ टक्के वर आणि तेवढीच खाली जाते. चांगल्या टर्नटेबलचा स्वतःचा डोल ०.१ टक्क्याच्या आत असतो. टेक्निक्स वरच्या मॉडेलांसाठी ०.०२५ टक्के सांगते. म्हणजे एका मर्यादेनंतर कागदावरचा आणखी एक शून्य विकत घेण्यात फारसा अर्थ नाही. तबकडीच त्याहून दहापट डोलत असते.

बेल्ट की डायरेक्ट ड्राइव्ह, हा वाद जुना आहे. बेल्टच्या यंत्रात मोटर बाजूला असते आणि रबरी पट्टा तिची थरथर प्लॅटरपर्यंत पोचू देत नाही. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये प्लॅटर मोटरच्याच आसावर बसतो आणि इलेक्ट्रॉनिक्स गती सांभाळतं. टेक्निक्सचं एसपी-१० हे १९७० साली आलेलं या जातीचं पहिलं यंत्र. दोन्ही पद्धतींत उत्तम यंत्रं आहेत. निवड करायची ती वीस वर्षांच्या देखभालीकडे बघून, आणि विजेकडे बघून.

विजेचा मुद्दा आपल्याकडे खास महत्त्वाचा. साध्या एसी सिंक्रोनस मोटरची गती विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरते. भारतातल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात ठेवायची असा नियम आहे, म्हणजे त्या पट्ट्यातला चढउतार ०.२ टक्क्याच्या आतला, तो सोसण्याजोगा. खरी गडबड होते अमेरिकेतून आणलेल्या यंत्रात. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. इथे ट्रान्सफॉर्मर लावला तर व्होल्ट बदलतात, हर्ट्झ बदलत नाहीत. ६० हर्ट्झची पुली ५० वर चालली की ३३⅓ चे २७.८ होतात, आणि काळी एकमध्ये गाणारी गायिका खालच्या काळी पाचमध्ये गाऊ लागते. अशा यंत्राला ५० हर्ट्झची पुली मिळते का, हे आणायच्या आधी विचारावं. डीसी मोटर किंवा क्वार्ट्झवर चालणाऱ्या डायरेक्ट ड्राइव्हला हा त्रास नाही. तिथे फक्त व्होल्ट जुळवायचे.

गती तपासायला ठिपक्यांची स्ट्रोब चकती वापरतात. ५० हर्ट्झच्या प्रकाशात ३३⅓ साठी कड्यावर १८० रेघा लागतात, ६० हर्ट्झसाठी २१६. परदेशातून आलेली २१६ ची चकती इथे हमखास चुकीचं सांगते. शिवाय एलईडी दिव्याखाली चकती बहुधा काहीच दाखवत नाही. जुना पिवळा बल्ब किंवा निऑन टेस्टरचा दिवा लागतो.

आर्म आणि कार्ट्रिज यांची जोडी

वेगवेगळे घेतलेले दोन उत्तम भाग एकत्र वाईट वाजू शकतात, ते इथे. आर्म म्हणजे तबकडीवर येणारी दांडी, कार्ट्रिज म्हणजे तिच्या टोकाला बसणारा सुईचा भाग. कार्ट्रिजमधली सुई रबराच्या लवचीक आधारावर असते. तो लवचीकपणा (कागदावर ‘कॉम्प्लायन्स’) आणि कार्ट्रिजसह आर्मचं हलताना जाणवणारं वस्तुमान मिळून एक झोका तयार होतो. हा झोका ८ ते १२ हर्ट्झच्या मध्ये यावा. त्याच्या खाली वाकलेल्या तबकडीची वरखाली असते, वर २० हर्ट्झपासून संगीत सुरू होतं. दोघांच्या मध्ये तो बसला की कुणालाच छेडत नाही.

हिशेब सोपा आहे: १५९ ला, वस्तुमान आणि लवचीकपणा यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागायचं. टेक्निक्सचा आर्म हेडशेलसह (म्हणजे कार्ट्रिज बसवायच्या टोकासह) १२ ग्रॅम. त्यावर ऑर्टोफॉन २एम रेड, ७.२ ग्रॅम, आणि स्क्रू धरून एकूण २०. या कार्ट्रिजचा लवचीकपणा २०. गुणाकार ४००, वर्गमूळ २०, उत्तर जवळपास ८ हर्ट्झ. चालेल, पण काठावर. हेच कार्ट्रिज २० ग्रॅमच्या जड आर्मवर लावलं तर उत्तर ७ च्या खाली येतं आणि किंचित वाकलेल्या रेकॉर्डवर स्पीकरचे पडदे आतबाहेर हेलपाटायला लागतात. ऐकू काही येत नाही, पण अँप्लिफायरची ताकद वाया जाते आणि बास गढूळ होतो.

एक सापळा आहे. जपानी कंपन्या लवचीकपणा बहुधा १०० हर्ट्झला मोजून सांगतात, आणि सूत्राला लागतो १० हर्ट्झचा. डेनॉनचं डीएल-१०३ हे १९६४ पासूनचं कार्ट्रिज. त्याच्या कागदावर ५ लिहिलंय. ते दीड ते दोन पट करून घ्यावं लागतं. १० धरला आणि तेच टेक्निक्सचं आर्म घेतलं, तर उत्तर पावणेअकराच्या आसपास येतं, म्हणजे ८ ते १२ च्या आत. कागदावरचे ५ तसेच वापरले असते तर १५ आले असते आणि चांगली जोडी उगाच नाकारली गेली असती.

सुईच्या आकाराचं महत्त्व शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याने जरा जास्तच मनावर घ्यावं. एलपीच्या बाहेरच्या कडेला खोबणी सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते, आत लेबलाजवळ फक्त २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. आणि आपल्या शास्त्रीय एलपीच्या एका बाजूची मांडणी बघा: विलंबित कडेला, द्रुत आणि तराणा शेवटी. सगळ्यात जलद ताना नेमक्या त्याच जागी येतात जिथे सुईला सगळ्यात अवघड जातं. गोल टोकाची सुई, सुमारे १८ मायक्रॉनची, तिथे फरफटते. ‘स’ आणि ‘श’ फाटतात, तार सप्तक किरटं होतं. शिबाता, मायक्रोलाइन असे बारीक कडांचे आकार खोबणीच्या भिंतीला उंच, अरुंद रेषेत टेकतात आणि तिथेही टिकतात. म्हणून दुकानात रेकॉर्डचा शेवटचा तुकडा ऐकल्याशिवाय कार्ट्रिज पसंत करू नये.

७८ साठी हीच सुई अजिबात चालत नाही. तिची खोबणी रुंद. सुई साधारण ७० मायक्रॉनची लागते. एलपीची सुई तळाशी घासत जाते, नुसती खरखर ऐकू येते आणि सुई खराब होते. ७८ चा ढीग मोठा असेल तर हेडशेल सुटं होणारा आर्म घ्यावा, म्हणजे दोन कार्ट्रिजं दोन हेडशेलांवर कायमची लावून ठेवता येतात. बदलल्यावर सुईचं वजन मात्र दर वेळी नव्याने लावायचं.

झिजणारे भाग आणि पुढची वीस वर्षं

पैसे कुठे घालायचे याचा आमचा नियम असा: जे झिजत नाही त्यात जास्त, जे झिजतं त्यात कमी. एकूण रकमेतले निम्मे टर्नटेबल आणि आर्मवर, उरलेल्याची वाटणी कार्ट्रिज आणि फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) यांच्यात, आणि थोडे भिंतीवरच्या फळीला आणि साफसफाईच्या सामानाला. उलटं करणारे बरेच भेटतात. दुकानदाराला ते आवडतं.

हिशेब मांडून बघा. चांगल्या आकाराची सुई साधारण १००० तास चालते, साधी सुई त्याच्या निम्मी. रोज एक तास ऐकलं तर १००० तास पावणेतीन वर्षांत संपतात. वीस वर्षांत सात सुया. मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजची सुई आपण स्वतः ओढून बदलतो. मूव्हिंग कॉइलमध्ये सुई निघत नाही. कार्ट्रिज परत पाठवून नवीन घ्यायचं किंवा कारागिराकडून टोक बसवून घ्यायचं. समजा दर वेळी एक लाख लागले, तर नुसत्या सुयांपायी सात लाख. ज्याला ते परवडतं त्याने जरूर करावं, पण हे पहिल्याच दिवशी माहीत असावं. ऑर्टोफॉन २एम मालिकेत रेडच्या अंगावर ब्लूची सुई बसते आणि ब्रॉन्झवर ब्लॅकची. अशी चढती शिडी असलेलं कार्ट्रिज दीर्घ मुदतीला सोयीचं.

कंपनी टिकेल का, हा प्रश्नही अवघड नाही असं नाही. शुअरने २०१८ मध्ये फोनो कार्ट्रिजं बनवणं थांबवलं. एसएमईने २०१९ च्या अखेरीस आर्म सुटे विकणं बंद केलं. जेल्को ही आर्म बनवणारी जपानी कंपनी २०२० मध्ये बंद पडली. टेक्निक्सनेही एसएल-१२०० २०१० मध्ये थांबवलं आणि २०१६ मध्ये परत आणलं. यातलं शहाणपण एवढंच की ज्या यंत्राची विक्री मोठी, त्याचे भाग बाहेरचे लोकही बनवतात. दुर्मीळ, देखण्या यंत्राच्या वाट्याला ते सुख येत नाही. सुई सोबत ठेवायची खबरदारी नासानेही घेतली होती: १९७७ मध्ये केसरबाई केरकरांची भैरवी ज्या तबकडीवर अवकाशात गेली, तिच्यासोबत कार्ट्रिज आणि सुई बांधून दिली आहे.

बेल्ट तीन ते पाच वर्षांत सैल पडतो. पहिल्याच खरेदीत दोन जादा घेऊ नयेत. रबर पडून राहिलं तरी म्हातारं होतं. एक पुरे. बेल्ट घसरत असेल तर आधी पुली आणि प्लॅटरची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, निम्म्या वेळा तेवढ्याने भागतं. बेअरिंगचं तेल कंपनीने सांगितलं असेल तेच आणि तेवढंच. शिलाई मशीनचं तेल घालून चांगलं बेअरिंग बिघडवणारे कमी नाहीत. डायरेक्ट ड्राइव्हला बेल्ट नाही, पण पंचवीस-तीस वर्षांनी कपॅसिटर बदलावे लागतात, आणि १९८० च्या दशकातल्या काही यंत्रांमधल्या खास चिप आता मिळतच नाहीत. जुनं डायरेक्ट ड्राइव्ह घेताना मोटरपेक्षा त्या चिपची चौकशी करावी.

घरात ठेवायचं कुठे

इंग्रजी पुस्तकं-मासिकांतला पायांच्या धक्क्याचा बाऊ लाकडी जमिनींच्या घरांसाठी आहे. स्प्रिंगवर तरंगणारी यंत्रंही त्याच घरांतून आली. आपल्याकडच्या आरसीसी स्लॅबवर चालण्याने सुई सहसा उडत नाही. जुन्या वाड्यातल्या किंवा कोकणातल्या माळ्याच्या घरात मात्र उडते, आणि तिथे भिंतीवरची फळी हाच उपाय. फळी नऊ इंची विटेच्या भिंतीला ठोकावी. एसएल-१२००जी सुमारे १८ किलोचं आहे. हलक्या ब्लॉकच्या आतल्या भिंतीवर साध्या प्लगने ते लटकवणं म्हणजे जोखीम.

स्लॅबच्या घरात शत्रू वेगळा: स्पीकर. टीव्ही युनिटच्या एकाच प्लायवर स्पीकर आणि टर्नटेबल ठेवलं की आवाज वाढवल्यावर घुमारा सुरू होतो. दोन्ही वेगळ्या आधारावर हवेत. खाली कडप्पा किंवा ग्रॅनाइट टाकायची पद्धत आहे. नुसता दगड कंप अडवत नाही, त्याखाली रबराच्या गाद्या लागतात.

पावसाळ्यात मुंबई आणि कोकणात कव्हरांना बुरशी धरते. आतलं पाकीट पॉलिथिनचं ठेवा, तबकड्या उभ्या ठेवा, कपाट भिंतीला चिकटवू नका. पंख्याखाली धूळ पडते म्हणून झाकण असलेलं यंत्र घ्यावं. वाजवताना ते काढून ठेवावं. सुईवर ब्रश नेहमी मागून पुढे. धुवायला डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल एलपीला चालतं. ७८ ला अल्कोहोलचा थेंबही लावू नये, लाख विरघळते.

फोनो प्रीअँप

रेकॉर्ड कापताना बास सुमारे २० डेसिबलने दाबलेला आणि वरचे स्वर तेवढेच उचललेले असतात. फोनो प्रीअँप ते उलटं करतो आणि आवाज वाढवतो. ५.५ मिलिव्होल्टच्या मूव्हिंग मॅग्नेटला ४० डेसिबल पुरे. ०.३ मिलिव्होल्टच्या डीएल-१०३ ला ६० लागतात, आणि तिथे प्रीअँपची सळसळ ऐकू येऊ शकते. मॅग्नेटला ४७ किलोओम, कॉइलला तिच्या स्वतःच्या रोधाच्या दहापट भार. गुणगुण येत असेल तर आधी टर्नटेबलची अर्थिंगची बारीक वायर घट्ट करा, मग सॉकेटमध्ये खरोखर अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासा. जुन्या इमारतींत तिसरं भोक बरेचदा नुसतं दाखवायला असतं.

जुळवणी

प्लॅटरवर लेव्हल ठेवून यंत्र समतल करा. कार्ट्रिज हेडशेलवर बसवा. टेक्निक्सला हेडशेलच्या मागच्या रबरी वायसरपासून सुईचं टोक ५२ मिलिमीटरवर येतं, इतरांना कागदी प्रोट्रॅक्टरवर (कार्ट्रिजचा कोन जुळवायचा नकाशा) केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरच्या खुणांशी जुळवतात. मग आर्म तरंगता करा, वजन लावा, आणि आर्मच्या मागच्या काउंटरवेटवरच्या आकड्यांवर न विसंबता ०.०१ ग्रॅमच्या डिजिटल काट्यावर सुई टेकवून बघा. २एम रेडला १.८ ग्रॅम, डीएल-१०३ ला २.५. रेकॉर्ड वाचावी म्हणून वजन कमी ठेवणारे तिचं नुकसानच करतात: हलकी सुई जोरकस जागी खोबणीतून उसळते आणि परत भिंतीवर आदळते. शंका असेल तर दिलेल्या मर्यादेत वरच्या टोकाकडे राहा. शेवटी आर्म तबकडीला समांतर करा आणि अँटीस्केट (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेला उलटा ताण) वजनाएवढं लावा. आतल्या खोबणीत उजवा चॅनेल फाटत असेल तर अँटीस्केट थोडं वाढवा, डावा फाटत असेल तर कमी करा.

जुनं किंवा परगावचं यंत्र घेताना

हेडशेल दोन बोटांत धरून अगदी हलकेच पुढेमागे करून बघा. कट्कन् जागा सुटल्यासारखं वाटलं तर आर्मचं बेअरिंग गेलं. मोटर बंद ठेवून प्लॅटर हाताने फिरवा. तो खरखर न करता सावकाश थांबला पाहिजे. सुई किती तास चालली याचं उत्तर कुणीही खरं देत नाही, तेव्हा नवी सुई किमतीत धरूनच बोलणी करा. कुरिअरने मागवताना कार्ट्रिज काढलेलं, काउंटरवेट उतरवलेलं, प्लॅटर वेगळ्या खोक्यात आणि आर्म त्याच्या खुंटीला दोरीने बांधलेला हवा. स्प्रिंगच्या यंत्राला प्रवासाचे स्क्रू आवळलेले हवेत. प्लॅटर जागेवर ठेवून पाठवलेल्या यंत्राचं बेअरिंग वाटेतच ठोके खातं आणि ते नुकसान फोटोत दिसत नाही. विकणाऱ्याला पैसे देण्याआधी या अवस्थेतल्या खोक्याचे फोटो मागा.